मामांनी मागितलेला घोडा

जयराम थेटे यांच्याशी कुठल्याही विषयावर बोलायला बसा, थोड्या वेळाने तिथे ड्रॅगन यायचाच. सुरुवात द्राक्षावर पडलेल्या रोगापासून होवो, कंपनीच्या बसला झालेल्या उशिरापासून होवो, नाहीतर कुणाच्या मुलीच्या बारशापासून, थेटे मान डोलवत ऐकायचे, दोनचार वेळा 'अरेरे' म्हणायचे, आणि मग घसा साफ करून म्हणायचे, "आता बुद्धिबळातल्या सिसिलियन बचावात नेमकं हेच होतं बघा." एवढं झालं की समोर जे असेल ते काळी प्यादी होऊन जायचं. चहाचे कप, ग्लुकोजची बिस्किटं, एका बारशाला तर घुगऱ्यांची वाटीच त्यांनी उताणी केली होती. हरभऱ्यांची वेडीवाकडी रांग लावून ते सांगायचे, "ही शेपटी. हा पाठीचा कणा. आणि इथं कोपऱ्यात दबा धरून बसलाय तो उंट. हाच ड्रॅगनचा जबडा!" बाळाची आजी घाबरून बाळाला आत घेऊन गेली.

थेटे ओझरला विमानाच्या कारखान्यात टूलरूमला फिटर होते. राहायला पंचवटीत, दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये. स्वभाव असा की रस्ता ओलांडताना बायकोला म्हणायचे, "प्रतिभा, तू हो पुढे, मी आहे मागे." साहेबांकडे रजा मागायला जाताना वाटेतच परत फिरायचे. पण बंगळुरूहून बदलून आलेल्या राव नावाच्या फोरमनने जेवणाच्या सुट्टीत त्यांना हा ड्रॅगन, म्हणजे सिसिलियन बचावाचा एक प्रकार, शिकवला आणि माणूस बदलला. निदान चौसष्ट घरांपुरता तरी बदलला. कारण हा बचाव नुसता नावाचा बचाव. यात वाचवायचं कुणीच कुणाला नसतं. पांढऱ्याने काळ्याच्या राजाचं घर पेटवायला निघायचं आणि काळ्याने पांढऱ्याच्या. ज्याचं आधी पेटेल तो गेला. एक चाल इकडची तिकडे झाली की खेळ खलास. ज्या माणसाने आयुष्यात कधी धावती बस पकडली नव्हती, तो माणूस पटावर असा जाळपोळ करत सुटायचा. कारखान्याच्या क्लबात थेटे सलग तीन वर्षं पहिले आले आणि लोक त्यांना 'ड्रॅगन थेटे' म्हणू लागले. त्यांना ते आवडायचं. आवडत नाही असं ते दाखवायचे, पण ते कुणाला जमत नाही.

मात्र थेट्यांच्या हातात पहिलं प्यादं दिलं ते राव साहेबांनी नव्हे. ते दिलं मखमलाबादच्या सहादू काकडांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या मामांनी. मामांचा झेंडू आणि शेवंतीचा मळा होता. पहाटे फुलं घेऊन नाशकाच्या बाजारात यायचं, माल गेला की तिथल्याच एका ओट्यावर बसून बुद्धिबळाचे दोन डाव टाकायचे आणि मग घरी जाऊन जेवायचं, हा त्यांचा क्रम. सुट्टीत मामाकडे आलेला जयराम त्याच ओट्यावर खेळ शिकला. तो खेळ देशी. पट म्हणजे जुन्या धोतराच्या तुकड्यावर निळीने आखलेली घरं. त्यात प्यादं एकावेळी एकच घर चालायचं. राजाला जन्मात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा. आणि पलीकडे पोचलेलं प्यादं ज्या घरात पोचेल त्याच घरचा मोहरा व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा, वजिराच्या घरात गेलं तरच वजीर. खेळणारे दोघे, पण चाली सांगणारे ओट्यावरचे सगळे. कुणी चुकीची चाल सांगितली तर त्याच्या खानदानाचा उद्धार व्हायचा आणि डाव पुढे चालू.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर थेटे असेच एका रविवारी ओट्यावर गेले आणि त्यांच्या जिभेने घात केला. मामा मंगळू नावाच्या गुलाबवाल्याशी खेळत होते. थेटे थोडा वेळ बघत राहिले आणि मग मोठ्या माणसाने लहान मुलांच्या भातुकलीत डोकवावं तशा आवाजात म्हणाले, "मामा, हे सगळं ठीक आहे हो. पण हे म्हणजे विटीदांडू झालं. खरा खेळ वेगळा."

मंगळूने बिडी बाजूला धरली. "आन आमी काय खोटं खेळून ऱ्हायलोय का?"

"तसं नाही मंगळूदादा. आंतरराष्ट्रीय म्हणतोय मी."

"म्हंजे विमानात बसून खेळायचं?" मंगळूने विचारलं. ओटा हसला. थेटे हिरमुसले.

मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी प्यादं हातात धरून भाच्याकडे बघितलं. "कुठं असतोय तुझा खरा खेळ?"

"पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड स्पर्धा आहे. गंगापूर रोडला. चार जण संघात घेणार."

"मंग माझं बी नाव टाक."

"मामा, तिथले नियम..."

"तू हाय ना शिकवाया," मामा म्हणाले. "तुला मी शिकवलं तवा तू किती येळ लावला होता? पाच वर्साचा होता. मी साठीचा हाय. त्या मानानं लवकर शिकंन."

पुढच्या रविवारी दुपारी मामा धुतलेलं धोतर नेसून पंचवटीत हजर झाले. प्रतिभाने चहा केला, थेट्यांनी लाकडी पट मांडला आणि शिकवणी सुरू झाली. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं.

"जाऊ शकतं का जायाच पायजे?" मामांनी विचारलं.

"शकतं."

"मंग ठीक."

मग किल्लेकोट. राजाची घोडाउडी बंद, त्याऐवजी हत्तीबरोबर जागा बदल. मामांना हे पटलं नाही. "राजानं उडी मारायची सोडून भिंतीमागं जाऊन बसायचं?" पण त्यांनी ते लक्षात ठेवलं. मग घड्याळ. चाल झाली की आपल्या बाजूची कळ दाबायची. मामांनी ती दहा वेळा दाबून बघितली. यानंतर पलीकडे पोचलेल्या प्याद्याचं काय होतं हे सांगायचं होतं. थेट्यांनी त्यासाठी प्यादं उचललंही होतं. तेवढ्यात मामा म्हणाले, "जयराम, तू तो नाग नाग म्हणतो तो काय असतो रे? दाखव की जरा."

मुळात पाण्यात सोडलेला मासा आणि ड्रॅगनबद्दल विचारलेले थेटे यांत फरक करणं अवघड. हातातलं प्यादं त्यांनी परत जागेवर ठेवलं आणि पुढची सगळी दुपार मामांना ड्रॅगन दाखवला. हा जबडा कसा उघडतो, पांढऱ्याने कुठे घाई केली की फसतो, काळ्याने काय जपायला हवं, कुठला उंट गेला की ड्रॅगनचा नुसता गांडूळ होतो. सगळं. मामा मांडी घालून, गुडघ्यावर कोपर टेकून ऐकत होते. मधूनच, "परत दाखव ते," म्हणत होते. दिवे लागले तेव्हा प्रतिभा बाहेर येऊन म्हणाली, "अहो, मामांची शेवटची बस जाईल," आणि शिकवणी संपली. पलीकडे पोचलेलं प्यादं राहून गेलं.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. मांडवाचे खांब, भिंतीवर कुठल्याशा लग्नाचा राहून गेलेला 'शुभविवाह', आणि त्याखाली पन्नासेक माणसं खाली माना घालून बसलेली. सहादूमामा त्यांत उठून दिसत होते. डोक्यावर टोपी, पायांखाली चपला काढून ठेवलेल्या, आणि चाल खेळायच्या आधी तंबाखू मळायची. चाली लिहायचा कागद त्यांनी चंचीखाली दाबून ठेवला होता. पंचांनी वयाकडे बघून काही म्हटलं नाही. पण पहिल्या फेरीत त्यांनी एका कॉलेजातल्या हुशार मुलाला हरवलं, दुसऱ्या फेरीत बँकेतल्या माणसाशी बरोबरी केली, आणि असं करता करता पाचव्या फेरीला यादी लागली तेव्हा तिथे लिहिलेलं होतं, पांढरी काकड, काळी थेटे.

थेट्यांना गंमत वाटली. हा डाव जिंकला की संघात जागा नक्की होती. कारखान्यात त्यांनी ती आधीच नक्की झाल्याचं सांगून टाकलं होतं. मामांशी डाव म्हणजे जवळजवळ घरचाच गुण.

मामांनी राजासमोरचं प्यादं उचललं आणि पूर्ण दोन घरं पुढे ठेवलं. आजवरच्या चार डावांत त्यांनी दोन घरांची मुभा एकदाही वापरली नव्हती. कळ दाबून हळूच म्हणाले, "काढ तुझा नाग."

थेट्यांनी काढला. आणि मग हळूहळू त्यांच्या ध्यानात येऊ लागलं की त्यांनी एक दुपारभर, चहा पाजून, आपल्याच घराच्या सगळ्या किल्ल्या समोरच्या माणसाच्या हातात दिल्या होत्या. मामा कुठेही घाई करत नव्हते. जिथे थेट्यांनी 'इथे पांढरा फसतो' म्हणून सांगितलं होतं, तिथे मामा जातच नव्हते. आणि बाराएक चालींनंतर त्यांनी आपला उंट नेऊन थेट्यांच्या त्या कोपऱ्यातल्या उंटासमोर उभा केला, मारामारी करून दोघांनाही पटाबाहेर काढलं, आणि पुटपुटले, "हाच ना रे जबडा?"

पुढचा एक तास थेटे नुसते मागे सरत होते. वजीर गेले, हत्ती गेले, घोडे गेले. शेवटी पटावर दोन राजे उरले आणि दोन प्यादी. मामांचं प्यादं पलीकडे पोचायला एक घर बाकी होतं आणि चाल त्यांची होती. थेट्यांचं प्यादं अजून मागे. मामांनी वजीर घेतला की तो वजीर थेट्यांचं प्यादं वाटेतच खाणार, मग काही उरत नव्हतं. थेट्यांनी हे तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ते हरत होते. हार मानून राजा आडवा करायला त्यांनी हात पुढे केला.

मामांनी प्यादं शेवटच्या घरात सरकवलं. ते घर घोड्याचं होतं. मग त्यांनी भाच्यासमोर हात पसरला. "जयराम, माझं घोडं दे इकडं."

थेट्यांच्या डाव्या हाताशी मामांचे मारलेले मोहरे पडले होते. पांढरा वजीर होता. त्याला खेटून पांढरा घोडा होता.

काय झालंय ते थेट्यांना ताबडतोब कळलं. दुपार आठवली, उचललेलं प्यादं आठवलं, ते परत ठेवलेलं आठवलं. आणि त्याच वेळी, डाव चालू असताना प्रतिस्पर्ध्याला काही सुचवू नये हा नियमही त्यांना आठवला. आयुष्यात कुठलाही नियम त्यांना इतका स्पष्ट, इतका ठळक आणि इतका पटणारा वाटला नव्हता. त्यांनी घोडा उचलला आणि मामांच्या तळहातावर ठेवला. वर 'घ्या' असंही म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या दोघातिघांत कुजबूज झाली. "वजीर सोडून घोडा घेतला! म्हातारा पोचलेला दिसतोय." सगळे पुढे वाकले. काहीतरी खोल डावपेच आहे असं समजून एकजण तर बोटांवर चाली मोजू लागला.

डावपेच काही नव्हता. घोडा पटाच्या कडेवरून धावत येईपर्यंत थेट्यांचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. ते दुसऱ्या कुठल्या पट्टीत असतं तर मामांच्या तिथेच लक्षात आलं असतं. पण ते नेमकं वजिराच्या पट्टीत होतं. थेट्यांनी काळा वजीर ठेवला तेव्हा मामांनी मान हलवली. "वजिराच्या घरात गेलं. वजीर झाला. बरोबर हाय." थोडा वेळ पटाकडे बघून त्यांनी आपला राजा आडवा केला आणि उठून, भर कार्यालयात, भाच्याला मिठी मारली. "लय भारी खेळला बाबा. मेलेला डाव उठवला!"

आता डाव संपला होता. आता सांगायला कुठलाच नियम आड येत नव्हता. थेट्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण पंच सही घ्यायला आले, मग मामा त्या बोटं मोजणाऱ्या माणसाला अभिमानाने सांगू लागले की हा माझा सख्खा भाचा, मीच शिकवलाय त्याला. आणि थेट्यांनी तोंड मिटलं. ते मिटलं ते मिटलंच.

त्या दिवशी जेवताना त्यांनी प्रतिभाला सांगितलं. तिने पोळी तव्यावरच ठेवून ऐकून घेतलं. पोळी करपली.

"मग मामांना सांगा."

"म्हणूनच तुला सांगतोय ना."

"मला सांगून काय उपयोग? मी हरले होते का?" प्रतिभा म्हणाली आणि करपलेली पोळी तिने त्यांच्याच ताटात वाढली.

थेटे जिल्ह्याच्या संघात गेले. स्थानिक पेपरात चौघांचा फोटो आला. मामांनी तो कापून फुलबाजारातल्या गाळ्यात वजनकाट्यावर चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला डाव सांगू लागले. "मी त्याचा नाग पुरा ठेचला होता. माझं प्यादं पलीकडं गेलं, घोडा झालं, तरीबी गड्यानं डाव काढला!" झेंडूचा एक हार घेऊन ते कंपनीच्या बसथांब्यावर आले आणि सकाळी सातला, सगळ्या पाळीसमोर, तो त्यांनी थेट्यांच्या गळ्यात घातला. थेटे ओझरपर्यंत तो काढू शकले नाहीत, कारण काढला असता तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं.

जळगावला आंतरजिल्हा सामन्यात ते सगळे डाव हरले. ड्रॅगन मांडायला बसलं की पहिल्या काही चालींतच ते वजिरासमोरचं प्यादं एक घर पुढे टाकावं लागतं. तेच ते पुढे वजीर झालेलं. त्याला हात लावला की थेट्यांना पसरलेला तळहात दिसायचा. मग त्यांनी ड्रॅगन सोडला आणि कुठलातरी सपक, सुरक्षित बचाव खेळू लागले. राव साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "आता वय झालं." वय अडतीस होतं. लोकांशी बोलतानाही त्यांना विषय सुचेनासे झाले. बिस्किटं बिस्किटंच राहू लागली. कॉलनीला आधी हायसं वाटलं आणि नंतर काळजी वाटू लागली.

सांगायला ते जायचे. जात नव्हते असं नाही. महिन्यादोन महिन्यांनी एखाद्या रविवारी निश्चय करून स्कूटर काढायचे आणि मखमलाबादला जायचे. पण सुलामामी दारातूनच हाक मारायच्या, "आले गं बाई आमचे च्यांपियन!" आणि निश्चय चपलांबरोबर दारातच राहायचा. मग चहा, मग मळ्यात एक चक्कर, आणि निघताना मामी पिशवी भरून भाजी द्यायच्या. घरी आल्यावर प्रतिभा तोंडाकडे बघायचीच नाही, पिशवीकडे बघायची. "दोडके का? म्हणजे आजही नाही सांगितलं." काही वर्षं त्या घरात थेट्यांच्या लाजेचीच भाजी शिजत होती. दोडके, गिलकी, दुधी, ऋतूप्रमाणे.

पुढे मामा थकले, मळा मुलाकडे गेला, पण बाजारात येणं आणि ओटा सुटला नाही. डाव सांगणंही सुटलं नाही. उलट दर वर्षी थेटे त्यात जास्त जास्त मोठे होत गेले. एकदा तर सांगता सांगता मामांनी त्यांना त्या डावात डोळे मिटून खेळायला लावलं होतं.

मग दोन हजार चार साल आलं. दसऱ्याच्या आठवड्यात थेट्यांना शालिमारच्या बसथांब्यावर मंगळू भेटला.

"बरं झालं भेटले," मंगळू म्हणाला. "आमच्या नातीला शाळंत बुद्धिबळ शिकवून ऱ्हायलेत. काल तिनं मला हरवलं हो! आन वर काय म्हणती, आजोबा, प्यादं पलीकडं कुठंबी गेलं तरी वजीर घ्यायचा. कुठंबी! मी म्हणलं, सहादूनं तर पंचासमोर घोडा घेतलेला. ती म्हणली, मंग त्यांना येतच नसंल. असं असतं का हो थेटे?"

"माझी बस आली," थेटे म्हणाले आणि समोर आलेल्या बसमध्ये चढले. ती सिन्नरची होती. नाशिकरोडला उतरून ते परत आले.

दुसऱ्या दिवशी ते मळ्यात गेले. दसऱ्याचा आदला दिवस, झेंडूची तोडणी चालू होती. मामा बांधावर फुलांच्या ढिगाशी बसून खराब फुलं वेगळी काढत होते. मामी घरात होत्या. थेटे समोर उकिडवे बसले आणि घाईघाईने म्हणाले, "मामा, तुम्हाला वजीर घेता आला असता."

"कुठं?"

"शहाण्णव साली."

मामांनी मान वर केली. थेट्यांनी सगळं सांगितलं. खऱ्या खेळात काय असतं, त्या दुपारी काय राहून गेलं, कशामुळे राहून गेलं. खाली बघून सांगितलं. बोलताना त्यांनी एका चांगल्या फुलाच्या पाकळ्या उपटून टाकल्या आणि मामांनी त्यांच्या हातातून ते फूल काढून घेतलं.

"घोडं तर तूच दिलं मला."

"हो."

"हातात."

"हो."

"आन वजीर?"

"तिथंच होता. शेजारी."

मामा पुन्हा फुलं निवडू लागले. चांगली इकडे, किडकी तिकडे. निवडता निवडता म्हणाले, "डावात नाय सांगितलं, त्याचं काय नाय. डावात मीबी नसतं सांगितलं. पण डाव उठल्यावर? तुझ्या गळ्यात पडलो होतो मी. तवा?"

थेटे खाली पडलेल्या पाकळ्या गोळा करू लागले.

"आता मी काय सांगू रे लोकांला?" मामांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "बाजारात मी दुसरं काय सांगत व्हतो? फुलाचे भाव सगळेच सांगतेत. मी तुझा डाव सांगत व्हतो."

ओरडले असते तर बरं झालं असतं असं थेट्यांना वाटलं. मामा ओरडले नाहीत. ढीग संपवून ते गुडघ्यावर हात टेकत उठले. "सकाळी बाजारात ये. दसऱ्याची गर्दी हाय, माणूस कमी पडंल. आन तोंड उघडू नको तिथं. माझं मी बघंन."

त्या दिवशी मामींनी भाजी दिली नाही. मामांनी आत जाऊन काही सांगितलं असावं किंवा तोडणीच्या गडबडीत त्या विसरल्या असाव्यात. घरी प्रतिभाने रिकाम्या हातांकडे बघितलं, आमटी गरम केली आणि ताट वाढलं.

सकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. थेट्यांनी क्रेट वाहिले, वजनं केली, शर्टाला झेंडूचा पिवळा रंग लागला. दहाच्या पुढे जोर ओसरला तशी मंडळी ओट्यावर टेकली. चहा आला. मामा नेहमीच्या जागी बसले होते, थेटे पायरीवर. आणि मंगळूने, ज्याची थेट्यांना आदल्या रात्रीपासून भीती होती, तोच विषय काढला.

"सहादू, माझी नात काय म्हणती ऐकलं का? त्या खेळात पलीकडं गेलं की कुठंबी वजीरच घेता येतो. मंग तू घोडं कशापायी घेतलं?"

मामांनी चहाचा घोट घेतला. "मला ठावं व्हतं."

"ठावं व्हतं?"

"व्हय. वजीर कुणीबी घेतं. माझ्या मनात घोड्याचाच डाव व्हता."

मग मंगळू हसायला लागला. "म्हंजे हातात आलेला वजीर सोडून तू घोड्यावर बसला? आन हरला?" ओटा फुटला. एकाने विचारलं, फुलं विकतानाही असंच करतो का, रुपया सोडून चाराणे घेतो का? दुसरा म्हणाला, तरीच लग्नात सहादू घोड्यावरून पडला होता. मामाही हसत होते. थेटे त्या हसण्याकडे बघत राहिले. ते लोकांना दाखवायचं हसणं होतं. खेळातला सगळ्यांत शहाणा माणूस म्हणून इतकी वर्षं त्या ओट्यावर बसलेले मामा आता ओट्यावरचे सगळ्यांत येडे ठरत होते आणि चहा पीत होते.

"त्यांना ठाऊक नव्हतं," थेटे म्हणाले.

ते हसण्यात बुडून गेलं, म्हणून त्यांना उभं राहून पुन्हा म्हणावं लागलं. "त्यांना ठाऊक नव्हतं. नियम मी शिकवायचे होते. हा मी शिकवलाच नाही. आणि त्यांनी घोडा मागितला तेव्हा मला कळलं होतं, तरी मी दिला. डाव मामांचा होता. मी कधीच बोललो नाही."

हसणं थांबलं. मंगळूने बिडी विझवली आणि थेट्यांकडे असं बघितलं जसं लोक काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघतात. कुणीतरी वजनकाट्यावरच्या फोटोकडेही नजर टाकली. थेट्यांना वाटलं, आता निदान मामांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असेल. त्यांनी त्या बाजूला बघितलं.

मामा संतापलेले होते. "तुला म्हणलं व्हतं ना तोंड उघडू नको? साधं गप बसता येत नाय का तुला? तवा कसं चांगलं बसला व्हता!"

मामांनी कप खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि मंगळूकडे वळले. "तुझी नात रविवारी मोकळी असती का?"

"असती की. का?"

"घेऊन ये तिला हितं. मला शिकायचंय. पहिल्यापासून, सगळं."

थेटे एक पायरी वर आले. मान खाली होती. "मामा, मी शिकवू का? सगळं शिकवतो. काही म्हणजे काही ठेवत नाही."

"तू एकदा शिकवलंय," मामा म्हणाले. मग गाळ्याकडे हात करून, "ते रिकामे क्रेट टेंपोत टाक. ऊन वाढून ऱ्हायलंय."

थेट्यांनी क्रेट उचलले. एकावर एक चार, हनुवटीपर्यंत येतील एवढे. ओट्यावरून जाताना सगळ्यांनी पाय आखडून त्यांना वाट दिली. टेंपो लांब उभा होता आणि बाजार अजून माणसांनी भरलेला होता.